निरोगी रक्ताचं शून्य

परवा कलप लावताना अमोनियाचा वास नाकात शिरला आणि नांदेडची ती पत्र्याखाली तापलेली प्रयोगशाळा आठवली. रक्तातलं कॅन्सरचं प्रथिन हुडकणारी पट्टी मी आणि मुखेडची माझी मैत्रीण, आम्ही दोघी बनवत होतो. नखाएवढ्या काचेवर अमोनियाच्या द्रावणात वाढवलेलं झिंक ऑक्साइडच्या सूक्ष्म काड्यांचं दाट रान, म्हणजे कणभर प्रथिनही त्यात अडकावं. तुलनेला निरोगी रक्त लागायचं, तेव्हा तीच बाही वर सारायची, "घे माझं, लई चांगलं हाय." त्या दुपारी तिच्याच रक्तावर यंत्रातला प्रथिनाचा आलेख सरसर चढला. पट्टी बदलली, तरी चढला. "पट्ट्याच बिघडल्यात, मला काय बी झालं न्हाई," म्हणत, आपलं रक्त शून्य दाखवेपर्यंत तिनंच हसत यंत्र जुळवलं. वर्षाच्या आत त्याच कॅन्सरनं ती गेली. माझे केस पिकलेत; तिचे काळेच सरणावर गेले.