मामींनी न धुतलेले कपडे

सालवडच्या आमच्या चाळीत चादर झटकायला बंदी होती. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती, मामी होत्या, साऱ्या चाळीच्याच मामी. कुणी चादर, पायपुसणं किंवा कामावरचा शर्ट घेऊन गॅलरीत उभं राहिलं की पहिल्या खोलीतून आवाज यायचा, "झटकू नको, आदी भिजव." केर काढण्याआधी त्या फरशीवर पाणी शिंपडायच्या आणि आम्हालाही शिंपडायला लावायच्या. मी माकुणसारची, बोईसरला नोकरी लागली म्हणून जवळच सालवडला खोली घेऊन राहिले होते. सुरुवातीला मला वाटलं, बाईंना स्वच्छतेचं वेड आहे.

वेड नव्हतं. मामी दातिवऱ्याच्या, मासे सुकवणाऱ्या घरातल्या. लग्न होऊन सालवडला आल्या. मामा तारापूरच्या कारखान्यांत गरम पाइपांना ॲस्बेस्टॉसचं कापड गुंडाळायचं काम करत. संध्याकाळी घरी येत ते भुवयांपर्यंत पांढरे होऊन. 'पिठाच्या गिरणीतून आलो,' म्हणत आणि पोरांना हसवत. मामी मागच्या दारी उभ्या राहून त्यांचे कपडे जोरजोरात झटकायच्या, मग धुवायच्या. अशी कितीतरी वर्षं गेली आणि मामांना दम लागायला लागला. आधी बिडीवर खापर फुटलं, मग क्षयाची औषधं झाली. शेवटी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू फुप्फुसांत रुतून बसलेत, ते आता निघायचे नाहीत.

मामा गेले. पुढे जिना चढताना मामींनाही धाप लागू लागली. त्यांच्याही छातीच्या फोटोत तेच निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्ही कुठल्या कंपनीत होता? मामी म्हणाल्या, "मी कुटल्याच कंपनीत नव्हते. मी कपडे धुवायचे."

हे त्यांनी मला कोलंबी सोलता सोलता सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही. दुःखाबद्दल त्या फार बोलत नसत. कुणी हळहळलं तर म्हणत, "माझा झाला तो झाला. तुजा अजून व्हायचाय."

मी रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होते. रंगात मिसळायची एक नवी पावडर तिथे यायची. डबा उघडला की धुरासारखी वर उठायची, इतके तिचे कण बारीक. ती छातीत गेली तर काय, असं मामींनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. अशा नव्या पावडरींचा अभ्यास अजून चालू आहे. त्यांतल्या काही लांबट, सुईसारख्या कणांच्या असतात, त्या ॲस्बेस्टॉससारख्याच वागतील अशी भीती आहे. आमच्या पावडरीचं कुणालाच नक्की माहीत नाही. मामी म्हणाल्या, "म्हंजे नक्की काय ते कलेपर्यंत तुमी हुंगत रावणार?" त्या दिवसापासून मी साहेबांच्या मागे लागले. पावडरीचं वजन करायला हवा ओढून घेणारी बंद काचपेटी मिळेपर्यंत लागलेच राहिले. तोवर माझा पांढरा कोट मामींनी चाळीत येऊ दिला नाही.

आमच्या चाळीतले बरेचसे पुरुष एका ठेकेदाराकडे होते. जुन्या पाइपांवरचं ॲस्बेस्टॉसचं आवरण खरवडून काढायचं आणि त्या जागी भट्टीला लावतात तसलं तंतूंचं नवं पांढरं ब्लँकेट कापून बसवायचं, हे त्यांचं काम. अंग खाजवत घरी यायचे. मामी ठेकेदाराकडे गेल्या. कपडे बदलायला खोली द्या, आंघोळीला पाणी द्या, कामाचे कपडे तिथेच धुवा, एवढं मागितलं. तो म्हणाला, "मास्क दिया है, मौसी. और क्या चाहिए?" मास्क म्हणजे कापडाची एक पट्टी होती.

मामींनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर सगळ्या बायकांना गोळा केलं आणि सांगितलं, "आजपासून कामाचे कपडे धुवायचे नाय. घरात पण घ्यायचे नाय."

चाळीत भांडणं झाली. शेजारच्या सुनंदाचा नवरा चिडून म्हणाला की इतकी वर्षं काम करतोय, मला तर काही झालं नाही. मामी त्याच्या दारात गेल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तुज्या मामाला पण लई वर्सां काय झाला नव्हता." सुनंदाने कपड्यांना हात लावला नाही. एकाने स्वतः धुवायला घेतले, तर मामींनी त्याच्या हातातली बादली काढून घेतली. धूळ बाईमाणूस बघून छातीत शिरत नाही, म्हणाल्या. मळून ताठ झालेल्या, टोचणाऱ्या कपड्यांत पुरुष कामावर जात राहिले. शेवटी तेच कारखान्याच्या गेटवर बसले, आत जाईनात. काम अडलं तशी कंपनी मधे पडली. खोली मिळाली, नळ मिळाले, धुण्याचं मोठं मशीन आलं, चांगले मास्क आले. जुनं आवरण भिजवल्याशिवाय काढायचं नाही, असंही ठरलं.

पुढे मामींची तब्येत ढासळली. त्या दातिवऱ्याला भावाकडे राहायला गेल्या. ऑक्सिजनचं यंत्र उशाशी आलं. मी भेटायला गेले की आधी विचारायच्या, मशीन चालू हाय का. एकदा मला सांगावं लागलं, की ठेकेदार बदलला, मशीन बिघडलंय आणि पुरुष पुन्हा तसेच घरी येतात. मामी अंथरुणात उठून बसल्या. मग भावाला म्हणाल्या, "गाडी सांग."

भाऊ नको म्हणत होता, मीही. त्यांनी ऐकलं नाही. छोटा सिलिंडर मांडीवर घेऊन त्या गेटसमोर खुर्चीवर बसल्या. चाळीतल्या बायका येऊन आजूबाजूला बसल्या. नवा ठेकेदार बाहेर आला. बोलण्याइतका श्वास मामींकडे नव्हता. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या. जे बोलायचं ते सुनंदा बोलली, आणि तिचा नवरा तिच्या शेजारी उभा होता. मशीन दुरुस्त झालं.

त्या पावसाळ्यानंतर मामी गेल्या. दातिवऱ्याला घरासमोर माणसं जमली, सगळी तयारी झाली, पण चाळीतले पुरुष आले नव्हते. सकाळची पाळी सुटून बराच वेळ झाला होता. भाऊ सारखा रस्त्याकडे बघत होता. शेवटी टेम्पो आला. सगळे खाली उतरले, ओल्या केसांचे, धुतलेल्या कपड्यांतले. भावाने जरा रागानेच विचारलं, इतका उशीर?

सुनंदाचा नवरा म्हणाला, "आंघोळ करून, कपडे तिथंच टाकून आलो. तसंच आलो असतो तर मामींनी अंगणात पाय ठेवू दिला नसता."

भाऊ बाजूला झाला. मग त्यांनीच मामींना खांदा दिला.