भट्टीवाली नावाचं नेटवर्क

फोनवर नेटवर्कची यादी उघडली, तर सगळ्यात वर मीच होते. 'भट्टीवाली'. पुढे कुलपाची खूण नाही. म्हणजे पासवर्ड नाही, कुणीही यावं.

बोईसरला एका मोबाइल दुकानाच्या माळ्यावर आमचा वायफायचा क्लास होता. नेटवर्किंगच्या परीक्षेची तयारी. वर्गात बहुतेक तारापूरच्या कारखान्यांतल्या साहेबांची मुलं. आदिवासी मी एकटी, मुलगीही मी एकटीच. त्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. एकाने राउटर लावून नेटवर्क तयार करायचं, त्याला नाव द्यायचं, बाकीच्यांनी आपापल्या फोनवरून जोडायचं. पुढच्या बाकावरच्या मुलाने हे नाव दिलं. एकेक जण जोडत होता आणि माझ्याकडे बघून हसत होता. त्यातली घाण कळायला मला शिकवणी लागली नाही.

नाव कुठून आलं तेही सांगते. आदल्या आठवड्यात सर शिकवत होते, मध्ये भिंत आली की सिग्नल कमी होतो. मी हात वर केला. विचारलं, कच्च्या विटेची भिंत जास्त अडवते की भाजलेल्या विटेची? दिवाळी झाली की आमच्या पाड्यावरची माणसं टेम्पोत बसून वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. विटांच्या थप्प्यांच्या आडोशाला मी वाढले. वीट म्हटली की मला हाच प्रश्न पडणार. सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, "भट्टीवालीला विटाच दिसणार." नाव ठेवलं ते सरांनी. त्या मुलाने ते फक्त हवेत सोडलं.

मी सरांकडे बघितलं. यादी त्यांच्याही फोनवर होती. हसू दाबत म्हणाले, "अगं, मस्करी आहे. जोड आणि पुढे चल."

बोट स्क्रीनवरच होतं. आमच्यात असंच करतात. खाली बघायचं, थोडं हसायचं, सोडून द्यायचं. बाप भट्टीच्या शेटसमोर तेच करायचा, आईही. माझ्याही ओठांवर ते हसू आलं होतं. ते आलं याचीच मला चीड आली.

"मी जोडणार नाय."

क्लासमध्ये मी जपून शुद्ध बोलायचे. त्या दिवशी घरचं बोलणं बाहेर आलं. सरांचा आवाज बदलला. प्रॅक्टिकल अपुरं राहिलं तर परीक्षेला नाव पाठवणार नाही, म्हणाले. मी म्हटलं, नका पाठवू. बॅग उचलली. शौर्यबिर्य काही नाही. रिक्षात उमरोळी गाव मागे पडेपर्यंत मी रडत होते.

घरी आई गाठोडं बांधत होती. तवा, टोप, गोधड्या. टेम्पो यायचा होता. मी सगळं सांगितलं. वाटलं, ती चिडेल, त्या पोराला चार शिव्या हासडेल. तिने गाठ आवळली. मग म्हणाली, "सोड ते. चल आमच्यासंगं. आपल्याला कोण बसू देतंय तिथं?"

ते नाव वाचून जेवढं लागलं नव्हतं, तेवढं हे लागलं. तिला राग आलाच नाही. तो तिच्यातून कधीचाच काढून घेतला होता, कुठल्या शेटने कुणास ठाऊक. त्या दिवशी मला आईचं फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

टेम्पो आला. मी चढले नाही. आई मागे गाठोड्यावर बसली होती. वळण येईपर्यंत माझ्याकडे बघत राहिली, पण हात काही हलवला नाही.

आता पाड्यावर म्हातारी माणसं आणि मी. रेंज येते ती टेकडीवर, वाघदेवाच्या दगडापाशी. तिथे बसून वाचते. इंग्रजी जड जातं. चॅनेलचा धडा डोक्यात बसला, अँटेनाचा काही केल्या बसत नाही. परवा एका धड्यात वाचलं की पाण्यातून सिग्नल नीट जात नाही, ओली वस्तू तो खाऊन टाकते. कच्ची वीट ओली असते. म्हणजे माझा प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. आईला सांगावंसं वाटलं. फोन लावला. भट्टीवर लागला नाही.

परीक्षेला नाव मी स्वतः नोंदवलं. त्याला सरांची परवानगी लागतच नाही, फक्त हे क्लासमध्ये कुणी सांगत नाही. पास होईन की नाही, माहीत नाही. नापास झाले तर पुन्हा बसेन. पुढच्या टेम्पोतही चढणार नाही.

आणि त्या माळ्यावर एकदा जाणार आहे. निकाल काहीही लागो. सरांसमोर, त्या मुलासमोर उभी राहून सांगणार आहे की भट्टीवाली माझी आई. ती विटा पाडते, मी तिची मुलगी. हे मी सांगेन, माझ्या तोंडाने. तुम्ही मला नाव ठेवायचं नाही.