जोडपत्र क्रमांक चार

आजवर माझा एकच लेख छापून आला आहे, आणि त्या एका लेखामुळे माझ्या सख्ख्या बहिणीच्या घराची वाट लागायची वेळ आली होती. त्यानंतर मी लिहिलं नाही. लोक म्हणतात, बरं झालं. लोकांमध्ये माझी बायकोही आली.

ऐंशीनंतरची चार-पाच वर्षं होती. आम्ही घाटकोपरला राहायचो, आणि ताई-भावोजी आमच्याच वसाहतीत, मागच्या इमारतीत. भावोजी विक्रोळीच्या एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं बनवणाऱ्या खात्यात, होते. त्यांचं खातं बंद झालं आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते घरी आले. एकदा वेफर्सच्या दुकानात त्यांनी केळी कापणारा माणूस पाहिला. त्याच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. कच्चं केळं वाकडं असतं. पात्यावर सरकवताना ते कलंडतं, मग काप एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ पडतो. तळताना पातळ बाजू करपते, जाड बाजू कच्ची राहते. सरळ धरायला जावं तर बोटं पात्याखाली.

भावोजींनी वर्षभर खपून त्यावर उपाय काढला आणि घरीच एक यंत्र जुळवलं. स्प्रिंगवर दाबलेले तीन लहान रोलर. केळं जसं वाकेल तसे ते मागेपुढे होत आणि त्याला पात्यापर्यंत सरळ नेत. बोट लावायचं कामच नाही. अंधेरीच्या एका कारखानदारानं कागदावरची आकृती पाहिली आणि म्हणाला, "पेटंट घेऊन या. यंत्र मी बनवतो, त्या खात्यावर तुम्हीच बसा. पेटंट नसेल तर महिन्याभरात दहा जण नक्कल करतील, मग मला त्यात रस नाही."

म्हणजे भावोजींची नोकरी त्या एका कागदावर अडली होती.

भावोजी लोखंडाशी बोलत, कागदाशी नाही. कागदाचं खातं मी स्वतःहून घेतलं. मी एका कचेरीत हेडक्लार्क, ड्राफ्टिंग हा माझा प्रांत, असं मी सगळ्यांना सांगत असे. अर्ज केला. दीडेक वर्षानं पेटंट ऑफिसचं पत्र आलं. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी परदेशातल्या दोन कापयंत्रांचे दाखले देऊन विचारलं होतं, यांच्यापेक्षा तुमच्यात नवीन काय? प्रश्न सरळ होता. भावोजींनी चार ओळींत उत्तर सांगितलं. मी त्याची सहा पानं केली, आणि कचेरीतल्या सवयीनं पुरावे जोडले. आमच्याकडे जोडपत्राशिवाय कागद हलत नाही. कारखानदाराचं पत्र जोडलं, दोन आकृत्या जोडल्या, आणि जोडपत्र क्रमांक चार म्हणून आमच्या गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका जोडली. तिच्यात माझा लेख होता. 'आपल्या वसाहतीतील संशोधक'. रोलर कसे सरकतात, स्प्रिंग कुठे बसते, सगळं त्यात बारकाईनं दिलं होतं. अधिकाऱ्यांनी तो वाचावा, अशी माझी फार इच्छा होती.

त्यांनी वाचला.

दुसरं पत्र आलं ते भावोजींच्या हाती पडलं. संध्याकाळी मी गेलो तेव्हा ते टेबलाशी बसले होते आणि ताई उभी होती. भावोजींनी शांतपणे विचारलं, "हे जोडपत्र क्रमांक चार म्हणजे काय?"

"माझा लेख. का, आवडला वाटतं त्यांना?"

त्यांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं. स्मरणिकेवर अर्जाच्याच वर्षीच्या गणेश चतुर्थीची तारीख होती. आमचा अर्ज दाखल झाला होता त्यानंतर आठवड्यानं, गौरी गेल्यावरच्या सोमवारी. म्हणजे अर्ज होण्याआधीच युक्ती जाहीर झालेली दिसते, आणि जाहीर झालेल्या गोष्टीला पेटंट मिळत नाही. काही म्हणणं असल्यास दहा दिवसांनी सुनावणीला हजर राहावं.

"म्हणजे तूच सांगितलंस त्यांना?" ताई म्हणाली. "कुणी विचारलं नव्हतं, तरी तू पुस्तक बांधून पाठवलंस?"

"पुरावा म्हणून गं..."

"कशाचा पुरावा? तुझ्या शहाणपणाचा?"

भावोजी उठून आकृत्या गुंडाळायला लागले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री अंथरुणात माझ्या बायकोनं, जिला आमच्या मंडळाच्या कारभाराबद्दल काडीचा आदर नव्हता, विचारलं, "अहो, पण स्मरणिका कधी चतुर्थीला हातात आली होती?"

मी उठून बसलो. खरंच की! आमची स्मरणिका चतुर्थीची तारीख घालून निघायची आणि मांडवाचे बांबू सोडताना वाटली जायची. जाहिराती देणाऱ्या दुकानदारांना मात्र चिटणीस दरवर्षी छातीठोक सांगत, अंक वेळेवर निघाला, तुमच्या घरी पोचला नसेल. त्यामुळे मंडळाच्या एकाही कागदावर उशीर कुठे सापडणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी भांडुपला छापखान्यात गेलो. मालकानं दोन तास माल पोचवल्याची जुनी चलनबुकं उपसली. एकेक पान उलटलं की मी तारीख वाचायला पुढे वाकायचो, कारण चलनावर चतुर्थीच्या आधीची तारीख निघाली तर सगळंच आटोपलं. अखेर कार्बनची निळी प्रत सापडली. अंक मंडळाला पोचते केले, खाली चिटणीसांची सही आणि तारीख. अनंत चतुर्दशी होऊन तीन दिवस झाले होते. अर्जाच्या नंतर!

आता चिटणीसांचं पत्र हवं होतं. ते मालवणचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. त्यांनी चलन पाहिलं आणि दार लावून घेतलं.

"मेल्या, बारा वर्सां मी सांगतंय अंक टायमार येता म्हणान. नि आता सरकारी हापिसात लिवन देव, उशीर झालो? उद्या ते जाहिरातवाले माका सोडतीत?"

"काका, भावोजींची नोकरी आहे हो."

त्यांनी पानाला चुना लावला. "देतंय. पण उशीर कोणामुळे झालो, ता पण लिवतलंय. तीन-तीन वेळा प्रूफ घराक कोण घेवन गेल्लो?"

मीच. स्वल्पविरामांसाठी. मी आनंदानं मान डोलावली. माझ्या नावानं खापर फुटून काम होत असेल तर हवं तितकं फुटू दे, असं मला वाटलं. पत्रातलं ते वाक्य पुन्हा वाचायचं मात्र मला सुचलं नाही.

सुनावणीला भावोजी आणि मी गेलो. भावोजींनी लग्नातला कोट घातला होता आणि आकृत्यांची गुंडाळी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. अधिकारी माझ्याच वयाचे, कमी बोलणारे. त्यांनी चलन उजेडाकडे धरून पाहिलं, सहीची तारीख बघितली आणि बाजूला ठेवलं. मग चिटणीसांचं पत्र वाचलं. एकदा वाचून झालं, पुन्हा वाचलं.

"इथं लिहिलंय, लेखकानं तीन वेळा प्रूफ घरी नेलं."

"हो साहेब, उशीर त्यामुळेच झाला," मी उत्साहानं म्हणालो.

"ते अर्जाच्या आधी?"

माझा उत्साह तिथल्या तिथे संपला. "...आधी."

"मग ते कुणाकुणाला दाखवलं?"

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायचं नाही, हे येतानाच त्यांनी बजावलं होतं. आणि मी तर प्रूफ घेऊन वसाहतभर फिरलो होतो! मी मनातल्या मनात एकेक दार आठवू लागलो. बायकोला वाचून दाखवायला बसलो, ती दुसऱ्या परिच्छेदाला दूध उतू जातंय म्हणून उठली ती आलीच नाही. शेजारच्या मास्तरांनी कागद हातात घेतला आणि चष्मा दुरुस्तीला दिलाय म्हणून तसाच परत केला. खालच्या मजल्यावरच्या एक आजी, त्यांनी लांबूनच हात जोडले. ताई म्हणाली होती, छापून आल्यावर वाचीन.

"साहेब," मी म्हणालो, "दाखवायचा खूप प्रयत्न केला. कुणी वाचला नाही."

"हे तुम्ही खात्रीनं कसं सांगता?"

"कारण मी प्रत्येकाला नंतर गाठून विचारलं, कसा वाटला म्हणून."

अधिकाऱ्यांनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. तेवढ्यात भावोजी खाकरले.

"साहेब, यंत्र माझं आहे. लेख माझ्यावरच लिहिलाय. मीसुद्धा अजून वाचलेला नाही."

अधिकाऱ्यांनी खाली पाहिलं. हसले असावेत, पण शपथेवर सांगणार नाही. मग म्हणाले, "हे सगळं प्रतिज्ञापत्रावर द्या. शनिवारच्या आत."

कोर्टाबाहेर प्रतिज्ञापत्र टाइप करणाऱ्यानं, तिथल्या रिवाजाप्रमाणे, सहीआधी सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. 'सदर लेख प्रसिद्धीपूर्वी माझ्या प्रयत्नांनंतरही कोणत्याही व्यक्तीने वाचला नाही, हे मी सत्यप्रतिज्ञेवर सांगतो.' मागे भाडेकराराच्या कामाला आलेली सात-आठ माणसं उभी होती. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. मी सही केली.

पुढचे सात आठवडे ताईकडे पोस्टमनची पावलं वाजली की बोलणं थांबायचं. पत्र आलं तेव्हा ते ताईनं उघडलं, कारण भावोजी नको म्हणाले. ती उभ्यानं वाचत गेली आणि मधेच खाली बसली. अर्ज स्वीकारला होता.

भावोजींनी पत्र घडी करून खिशात ठेवलं, माळ्यावरून यंत्र उतरवलं आणि चिंधीनं रोलर पुसायला घेतले. सोमवारी अंधेरीला न्यायचं होतं. मी शेजारी उभा राहून स्क्रू हातात देत होतो. थोड्या वेळानं, जरा भीत भीतच, मी म्हणालो, "भावोजी, आता तरी तो लेख वाचाल?"

"छे रे," ते मान वर न करता म्हणाले. "सरकारला लिहून दिलंयस ना तू? उगाच कशाला तुला खोटं पाडू?"