दीपमालाकडे आलेले पाहुणे

"तू त्यांना परत पाठवलंस? मी आत असताना?"

"मंग काय करू? डोकामा तेलनी धार, मांडीले हळदना लेप. आसं ध्यान दखाडू पाव्हनासले?" भिकुबाईनंही आवाज चढवला. "सांगी दिन्हं, पोर मामाकडे गयेल शे. रविवारले या."

दीपमालानं हातातला कप तसाच खाली ठेवला.

झालं होतं ते असं. सकाळी सहालाच दारात एक बाई आणि बॅग घेतलेला एक माणूस उभा. मुलगी घरी आहे का, तिच्याशीच बोलायचंय, एवढंच म्हणाले. ना मध्यस्थ, ना निरोप. ही नवरदेवाची बहीण असणार, असं भिकुबाईनं ठरवून टाकलं आणि मधलं दार ओढून घेतलं. मांडीचा स्नायू दुखावल्यापासून दीपमाला धुळ्याजवळच्या या घरी, कापडण्याला, विश्रांतीला आली होती. आईला वाटलं, बरी सापडली आहे, उरकून घेऊ.

आलेले लोक मात्र डोपिंग तपासणीचे होते. देशासाठी पळणाऱ्यांनी रोज एक तास आपण कुठे असू ते आधी कळवायचं, आणि त्या तासात ते न सांगता येणार. सापडला नाहीत तर चूक तुमची. वर्षात अशा तीन चुका झाल्या की पळणं बंद. दीपमालाच्या दोन झालेल्या होत्या. एकदा भुसावळला गाडी रखडली, एकदा जळगावात मावशीकडची बेल बिघडलेली. तिनं कळवलेला तास सहा ते सातचा होता आणि घरात तो कुणालाच माहीत नव्हता. सांगितलं असतं तर आईनं गावभर केलं असतं.

याच गावच्या शाळेच्या मैदानावर ती अनवाणी पळायला लागली होती. मग जिल्हा, मग पुण्याचं वसतिगृह, मग चारशे मीटरच्या रिलेत देशाची निळी जर्सी. परदेशातून ती पदक घेऊन आली तेव्हा गावानं ट्रॅक्टरवरून मिरवलं, आणि खाली उतरल्याबरोबर आत्यानं विचारलं होतं, "आता पुढं काय?" पुढं म्हणजे लग्न. दीपमाला दरवेळी "बघू" म्हणायची. आई त्याचा अर्थ हो असाच धरायची.

तेवढ्यात डेअरीवर दूध घालून तिचा बाप रुपचंद परतला. "कोना पाव्हना शेतस? पिंपळखाले गाडीमा बसेल शेतस. सात वाजालोंग आठेच बसतीन म्हने."

घड्याळ न बघताच दीपमाला बाहेर पडली. मॅक्सी गुडघ्यापर्यंत उचललेली, मांडीवरची हळद ओघळतेय. डॉक्टरांनी पळायला बंदी केली होती.

"दीपा, पिस्तूल वाजनं का?" ओट्यावरून शेजारचे नवलभाऊ ओरडले.

गाडीतल्या बाईनं तिचं ओळखपत्र पाहिलं, मग तिला आपादमस्तक पाहिलं. "मामाकडून लवकर आलात."

दीपमालाला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरले.

पुढचा प्रकार भिकुबाईला बघवेना. ती बाई लेकीच्या मागोमाग मोरीत शिरली. "आठे बी संगे?" नमुना तिच्यादेखतच द्यायचा होता आणि लघवी काही होईना. दीपमाला तांब्यावर तांब्या पाणी प्यायली, रुपचंद उगाच अंगणात फेऱ्या मारत राहिला. शेवटी बाटल्या सीलबंद झाल्या, सह्या झाल्या. पाहुणे पोह्यांना हात न लावता निघून गेले.

दीपमाला भिंतीला टेकून खाली बसली. कितीतरी दिवसांनी तिला सडकून भूक लागली होती. पाहुण्यांचे पोहे तिनंच ओढले.

भिकुबाई म्हणाली, "माले काय माहीत, माय? तू सांगं नही."

"हो, ते माझं चुकलं."

"बरं जाऊ दे. आते खरं स्थळ उनं तर डोकं तरी धुई ठेव."

दीपमालानं घास गिळला.

"आई, आबा, ऐका. मी पळतेय तोवर या घरात स्थळ येणार नाही. पळणं कधी थांबवायचं ते मी ठरवेन."