बिरूमामांनी हात आत घातला नव्हता

रिपोर्टमध्ये मी खोटं लिहिलं.

आज बिरूमामांना जाऊन वर्ष झालं. जे लिहितेय ते त्यांच्याबद्दल आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

मी डिप्लोमा मेकॅनिकल. कुपवाडमध्ये एका लँडस्केपिंग कंत्राटदाराकडे मशीन आणि सेफ्टी बघते. कारखान्यांच्या बागा, रस्त्याकडेची झाडं, अशी कामं असतात. छाटलेल्या फांद्या आम्ही चिपरमध्ये घालतो. दोन रोलर फांदी आत ओढतात, पुढे पाती तिचा भुगा करतात.

बिरूमामा त्या चिपरचे ऑपरेटर. वडूजकडचे धनगर. अर्धं आयुष्य मेंढरांमागे, मग आमच्याकडे.

कामाला उभे राहायच्या आधी पटका काढून झाडाला अडकवायचे आणि हेल्मेट घालायचे. मनगटातला काळा दोरासुद्धा मी सांगितल्यावर कापला.

पहिल्या ट्रेनिंगला मी म्हणाले, "तोंडासमोर उभं राहायचं नाही. बाजूला थांबून फांदी सोडायची."

"आवं मॅडम, लांडग्याच्या म्होरं तरी कोण हुबं ऱ्हातंय? ह्यो बी त्यातलाच. फकस्त डिझेल पितोय."

सगळे हसले. मी हसले नाही. मी ट्रेनिंगमध्ये हसत नसे.

चिपरच्या तोंडाभोवती एक लाल दांडी असते. आपल्याकडे ओढली की रोलर फिरतात, आत ढकलली की थांबतात. कोणी ओढला जात असेल तर त्याच्या अंगाच्या भारानेच ती ढकलली जावी, म्हणून ती तिथे असते.

पूर्ण मशीनमध्ये माणसाच्या बाजूने असलेली ती एकच गोष्ट.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये मशीनची पूजा होती. सगळे म्हणाले, चिपरला हार मॅडमच्या हातचा.

झेंडूचा मोठा हार होता. दोरा सुटला तर हार रोलरमध्ये जाईल, असं माझ्या मनात आलं. म्हणून मी बाइंडिंग वायर घेतली.

हार नीट लोंबावा म्हणून लाल दांडी बाहेर ओढली. दांडी आणि तोंडाची कड एकत्र धरून पकडीने तीन पीळ दिले. दोन्ही टोकांना.

सुरक्षित केलं, असं मला वाटलं.

दसऱ्यानंतर मशीन पलूसला गेलं. एका कारखान्याच्या आवारातल्या बाभळी छाटायच्या होत्या.

सकाळी नऊ-साडेनऊला बिरूमामांचा फोन आला.

"मॅडम, दांडी लय घट झालीया. रेटतच न्हाई. हार काडू का?"

मागून सर्जेराव, त्यांचा जोडीदार, बोललेला मला ऐकू आला. "काय मामा, खंडेनवमीचा हार कवा कुणी हातानं काढतंय व्हय? आपसूक गळू दे की."

आमच्या वर्कशॉपमध्ये ही रीत आहे. मी ती मानत नाही. पण दोन दिवसांपूर्वीच कोणीतरी म्हणालं होतं, शिकलेल्या बायकांना देवाधर्माचं काय. ते डोक्यात होतं.

मी म्हणाले, "राहू द्या हार. सोमवारी येऊन ग्रीस लावते."

म्हणायला हवं होतं एवढंच : मशीन बंद करा.

मामा म्हणाले, "बरं." त्यांनी माझं ऐकलं. ते नेहमीच ऐकायचे.

पाऊण तासाने सर्जेरावचा फोन आला.

बाभळीच्या एका बेचक्याचा काटा मामांच्या बाहीत अडकला होता. मामा बाजूलाच उभे होते, मी शिकवलं तसे. सर्जेराव फांद्या आणायला मागे गेला होता. त्याने ओरडणं ऐकलं, धावत येऊन चावी फिरवली. चावी फिरवली तरी मशीन लगेच थांबत नाही.

सांगलीला पोचायच्या आधीच मामा गेले.

मी पलूसला पोचले तेव्हा मशीनजवळ कोणी नव्हतं. मी दांडी ढकलली. हलली नाही. फुलं दबून चपटी झाली होती. मामांनी तिच्यावर पूर्ण वजन टाकलं होतं.

मी दोन्हीकडची तार कापली. परत ढकलली. दोन बोटांनी गेली.

तार खिशात टाकली. मग फोटो काढले.

रिपोर्टमध्ये लिहिलं : ऑपरेटरने अडकलेली फांदी काढण्यासाठी हात आत घातला. सगळ्यांना ते पटलं. असंच होतं ना, माणसं निष्काळजी असतात.

तेव्हापासून रस्त्यात हार घातलेली रिक्षा, ट्रॅक्टर, जेसीबी दिसला की मी आधी हार नेमका कुठे बांधलाय ते बघते. सिग्नल सुटतो, मागचे हॉर्न वाजवतात. मी बघत असते.

परवा वडूजला गेले. मामी दारात बसल्या होत्या. उभ्यानेच सगळं सांगितलं.

"तार तुमी बांधली?"

"हो."

"आन त्येंनी इचारलं व्हतं तुमास्नी? फोन करून?"

"हो."



"म्हंजी त्येंनी इचारलं व्हतं," असं दोनदा म्हणाल्या. माझ्याशी नाही.

मग म्हणाल्या, "वरीसभर मी त्येंच्या फोटूला बोलतीया. म्हणती, एवढं शिकवल्यालं, तरी हात घातलाच का तुमी."

मी माफी मागितली. त्यांनी हातानेच थांबवलं.

"मला सांगून काय उपेग? गावात समदी म्हणत्यात, धनगर गडी, त्याला मशीन काय कळतंय. त्यास्नी सांगा. तुमच्या नावानं सांगा."

चहा विचारला नाही. बरोबर केलं.

रिपोर्ट दुरुस्त करण्याचं पत्र आज सकाळी दिलंय. सोबत तारही दिली. पुढे माझं जे होईल ते होईल.

पलूस, वडूजकडे कोणी ओळखीचं असेल तर ही पोस्ट त्यांच्यापर्यंत जाऊ द्या. मला धीर देणाऱ्या कमेंट नकोत.

बिरूमामा, तुमचं काम चोख होतं. चूक माझी होती, आणि वर्षभर ती मी तुमच्या नावावर ठेवली.

नमस्कार करते.