पायातली नाडी

माझ्या पायाची नाडी मला सापडली नाही, म्हणून पाय गेला असे मी घरात जाहीर करून टाकले.

सकाळीच भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी माझ्या पावलावर बोटे ठेवून ती तपासली होती. मधुमेहाने हृदयाच्या आणि पायाच्याही रक्तवाहिन्या अरुंद होऊ शकतात, म्हणाले. तंबाखू-सुपारीचा खर्राही सोडायला सांगितला. साखरेची तक्रार आणि बघायचे पाऊल! मला भारी नवल वाटले. घरी येताच घोटा, टाच, अंगठा सगळे दाबून पाहिले. कुठेच ठोका नाही.

दवाखान्यात सोबत असलेल्या बायकोने पावलावर मधोमध बोटे टेकवली. "हे काय, उडून राहिली ना!"

मी आनंदाने बोलायला गेलो, पण तोंड भरलेले होते.

"पहिले तो खर्रा थुका जी," ती म्हणाली, "मंग नाडी शोधा."