मामांनी तपासलेलं केरळ

आमच्या मामांनी तपासल्याशिवाय या जगातली कोणतीही वस्तू वापरायला योग्य ठरत नाही, आणि त्यांनी तपासल्यावर बहुतेक वस्तू वापरायला उरत नाहीत. सगळी नोकरी त्यांनी जबलपुरात तोफांच्या कारखान्यात, तपासणी विभागात काढली. तोफ बाहेर पाठवण्याआधी इथेच उडवून बघायची, नळी फाटायची असेल तर इथेच फाटू द्यायची, हे त्यांचं काम. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने शाल दिली, नारळ दिला, फक्त ही सवय परत घ्यायची राहून गेली. नवी छत्री मामा आधी नळाखाली धरतात. मुलीच्या लग्नात आदल्या दिवशी मांडवाच्या खांबाला स्वतः लोंबकळले आणि अर्धा मांडव अंगावर घेतला. कापडाखालून ओढून काढलं तेव्हा चेहऱ्यावर काय समाधान! मला म्हणाले, "काहून घाबरून राहिला बे? आज पडला म्हणून उद्या वऱ्हाडावर नाही पडणार. जे बिघडायचं ते आधीच बिघडलं पाहिजे." इकडच्या रीतीप्रमाणे सणावारी, मी भाचा म्हणून, मामा माझ्या पाया पडतात आणि उरलेलं वर्ष मला 'अबे' म्हणतात. पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला, स्वतःच्या घरात कुणी दुधाच्या पिशवीचाही भरवसा न ठेवलेला मी, मामांच्या घरी मात्र महत्त्वाचा माणूस आहे. त्यांना तपासणीसाठी नमुना लागतो.

आमच्या मामीला समुद्र पाहायचा आहे. तिचं माहेर बालाघाटकडचं, सासर जबलपूरचं. म्हणजे सगळं आयुष्य अशा ठिकाणी गेलं, की कुठल्याही दिशेने निघा, समुद्र लांबच. एकदा शेजारीण केरळला जाऊन आली. मामीच्या हातावर मूठभर वेलदोडे ठेवून तिने सांगितलं, की तिकडे गल्लीच्या जागी पाणी असतं, माणसं नावेतून भाजी आणायला जातात, मिरीचे वेल झाडांवर चढतात आणि हे सगळं संपलं की समुद्र लागतो. मामीने त्या वेलदोड्यांतला एकही चहात घातला नाही. डब्यात ठेवलेत, अधूनमधून झाकण उघडून नुसते हुंगते. मला एकदा म्हणाली, "मला काही जास्त नको रे. ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही, असं पाणी एकदा पाहायचं आहे. आपल्या ग्वारीघाटावर तर नदीच्या पलीकडे कोणी कोणत्या रंगाचं लुगडं वाळत घातलं, तेही दिसते."

मामा लगेच तयार झाले. "जाऊ ना! चार दिवस मस्त फिरून येऊ. फक्त आधी तपासून घेऊ." आणि केरळची तपासणी जबलपुरात सुरू झाली. पहिलं जेवण. घरातलं सगळं खोबरेल तेलात शिजू लागलं आणि नमुना म्हणून रोज मला बोलावणं येऊ लागलं. वांग्याच्या भाजीला थेट आमच्या शाळेतल्या बाकाचा वास, पुढच्या बाकावरच्या वेण्यांचा. मी डोळे मिटून खाल्ली. मामांनी माझी जीभ पाहिली, पोट दाबलं आणि जेवण पास केलं. मसाल्याच्या बागांसाठी मामांनी ओमतीच्या बाजारातल्या एका दुकानात जाऊन मिरीच्या पोत्यात तोंड घालून मोठा श्वास घेतला. घरी येईपर्यंत शिंका थांबल्या नाहीत, पण मसालेही पास. समुद्रकिनाऱ्याची सोय कोपऱ्यावर घर बांधणाऱ्याने केली. भर दुपारी त्याच्या रेतीच्या ढिगावर मामा अनवाणी चढले आणि मामीलाही चढवलं. चौकीदार ओरडत आला, "अंकल जी, नीचे उतरिए! क्या ढूँढ रहे हैं ऊपर?" मामी वरूनच म्हणाली, "समंदर, भैया." तिच्या तोंडावर हसू होतं, पण उतरताना तिने पदराने पायाची रेती इतकी हळू झटकली, की मला तिच्याऐवजी चौकीदाराकडे बघावंसं वाटलं.

दर हिवाळ्यात तिकिटं काढायची आणि दर हिवाळ्यात रद्द करायची, हे खातं माझ्याकडे. काही ना काही बिघाड निघायचाच. एकदा बॅग मजबूत आहे का पाहायला मामांनी ती भरून गच्चीवरून खाली टाकली. बॅग फुटली, आणि मामीच्या प्रवासाला घेतलेल्या साड्या शेजाऱ्यांच्या पेरूवर जाऊन बसल्या. "बघ, इथंच फुटली!" मामा खूश. पुढल्या वर्षी चष्मा नापास, त्याच्या पुढल्या वर्षी माझे गुडघे, जे जाणारही नव्हते. या सगळ्यात एकच तपासणी राहत होती, नावेची. तो विषय निघाला की मामा म्हणायचे, "नावेचं काय, शेवटी बघू." गेल्या दिवाळीनंतर मामीने वेलदोड्यांचा डबा हुंगला, बंद केला आणि मला म्हणाली, "वास उडून राहिला रे आता. चल, घाटावर. यांनाही घे."

ग्वारीघाटावर तिने स्वतः नाव ठरवली. मामा पायरीवर उभे राहून नावेची फळी ठोकत राहिले, दोर ओढून पाहिला, वल्हं पाहिलं. मग मामीच्या मागोमाग, माझं मनगट धरून आत बसले. नाव काठापासून जेमतेम सुटली असेल, मामांची पकड अशी घट्ट झाली की माझी बोटं पांढरी पडली. "भैया, वापस लो," ते कसंबसं म्हणाले. पायरीवर परत येऊन बसले आणि म्हणाले, "नाव फेल."

नाववाला दुखावला. "नाव में क्या खराबी है, बाबूजी?"

मामांनी नावेच्या फळीवरून एकदा हात फिरवला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "नाव ठीक आहे बे. माल फेल आहे. लहानपणापासून भीती वाटते पाण्याची."

मी मामीकडे पाहिलं. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "लग्न झाल्यावर पहिल्यांदा आलो होतो इथं, तेव्हाही सगळे नावेत बसले आणि तुम्ही पायरीवर जोडे राखत बसले होते."

"मग बोलली काहून नाही इतके वर्षं?"

"तपासणी तुमची. निकाल मी काहून देऊ?" ती म्हणाली, चपला काढून मामांच्या मांडीवर ठेवल्या आणि एकटीच परत नावेत जाऊन बसली. परत आली तेव्हा कोपरापर्यंत हात ओला होता. "हे पाणी समुद्रालाच जाऊन राहिलं," ती म्हणाली, "बिना तपासणीचं."

त्या रात्री जेवताना मामांनी मला सांगितलं, "तिकिटं काढ. ती नावेत फिरेल, मी काठावर बसीन. काठ तर असेल ना तिकडे?" मी काढली आहेत. अजून रद्द करायला सांगितलेली नाहीत. तेव्हापासून दर रविवारी सकाळी तालीम असते. मामी नावेत थोडी आणखी पुढे जाते, मामा तिच्या चपला मांडीवर घेऊन तिला जाऊ द्यायची सवय करतात. नमुना म्हणून मी शेजारी असतोच.

परवाच्या रविवारी दाट धुकं होतं. पलीकडचा काठ पुसला गेला होता, देवळं नाहीत, लुगडी नाहीत. नाव पुढे गेली आणि बघता बघता तीही दिसेनाशी झाली. नुसता वल्ह्याचा आवाज. मामा उभे राहिले, एकेका हातात एकेक चप्पल. तेवढ्यात धुक्यातून मामीचा आवाज आला, इतका कोवळा, की मला आधी ओळखूच आला नाही.

"अहो! पलीकडचा काठ दिसत नाही!"

मामा एक पायरी खाली उतरले. पाणी त्यांच्या बोटांना लागत होतं. चपला उंच धरून ते ओरडले,

"अलीकडे मी आहे!"